गोलाई कशी बघावी: घाटनांदूरला उतरणाऱ्या नवशिक्यांसाठी

लातूर आणि लातूर रोड ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. हे आधी पाठ करा, मग पिशवी भरा. सुट्ट्यांच्या दिवसांत घाटनांदूरच्या फलाटावर असा एखादा पाहुणा सापडतोच, ज्याने लातूरच्या बाजारातली गोलाई बघायची म्हणून लातूर रोडचं तिकीट काढलेलं असतं. रोड म्हणजे रस्ता, मग गाव जवळच असणार, असा त्याचा हिशोब. प्रत्यक्षात लातूर रोड हे चाकूर तालुक्यातलं जंक्शन आहे आणि लातूर शहर तिथून तीसेक किलोमीटर लांब आहे. निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून परळीकडे येताना लातूरला बाजूला ठेवलं. लातूरकडे त्याआधीच बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी होती, आणि तिला मोठे रूळ मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. तेव्हा रेल्वेने घाटनांदूरपर्यंत या, चहा घ्या आणि पुढे एसटी नाहीतर जीप धरा. पानगाव, रेणापूर करत रस्ता लातुरात जातो. जीपवाला ‘निघालीच’ म्हणेल. जीप सगळी सीटं भरल्याशिवाय निघत नाही, आणि सगळी म्हणजे किती, हे जीप बनवणाऱ्या कंपनीलाही माहीत नसतं, जीपवाल्यालाच माहीत असतं.

घाटनांदूरसारख्या बीड जिल्ह्यातल्या गावाने लातूरच्या बाजाराची वाट का दाखवावी, असं कोणी विचारेल. आमचा तहसीलदार अंबाजोगाईला, कलेक्टर बीडला आणि लग्नाच्या कापडाचा बस्ता लातूरला, अशी व्यवस्था आहे आणि ती कोणत्याही सरकारने केलेली नाही. मीठ-मिरची, माळवं आठवडी बाजारात भागतं. अंबाजोगाई जवळ आहे, परळी आहे. पण घरात लग्न निघालं की ‘गोलाईतच जाऊ’ असं कोणीतरी म्हणतं आणि विषय संपतो. १५ ऑगस्ट १९८२ ला तेव्हाच्या उस्मानाबादमधून, म्हणजे आताच्या धाराशिवमधून, वेगळा काढून लातूर जिल्हा केला, तेव्हा सरकारने नकाशावर नव्या रेघा मारल्या. बाजाराला त्या रेघा कोणी दाखवल्याच नाहीत.

काय बघायचं

गंजगोलाई म्हणजे लातूरच्या मधोमध असलेला गोल बाजारचौक. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला आणि मधली दोन मजली गोल इमारत १९१७ साली उभी राहिली. इमारतीच्या मध्यभागी जगदंबेचं मंदिर आहे, काही जण अंबाबाई म्हणतात. भोवती गाडीच्या चाकाला आरे असावेत तसे १६ रस्ते फुटलेले आहेत आणि प्रत्येक रस्त्याने आपापला धंदा धरला: कुठे कापड, कुठे सोनं, कुठे भुसार, कुठे गूळ-मिरची, कुठे पायताणं. लातूरकर त्यांना लाइनी म्हणतात. कापड लाइन, सराफ लाइन. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसचं काम १९२९ ला सुरू झालं आणि १९३३ ला संपलं. म्हणजे गोल बाजार बांधण्याच्या बाबतीत लातूर दिल्लीच्या डझनभर वर्षं पुढे होतं. हे वाक्य लातूरच्या माणसासमोर एकदा तरी बोला. चहाचे पैसे द्यावे लागणार नाहीत.

आता मुख्य अडचण. ही ऐतिहासिक इमारत तुम्हाला दिसणार नाही. ती आहे, तिथेच आहे, तुम्ही तिच्यासमोरच उभे असाल, पण मध्ये फलक असतील. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. शंभराहून अधिक वर्षांची भिंत आणि तिच्यावर हात जोडून हसणारी माणसं. फलक कोणी लावले असं विचारू नका, खाली फोटोसकट नावं असतात. फलकांमधून मान वाकडी करून वर बघितलंत तर दुसरा मजला आणि त्याची वळत गेलेली गोलाई दिसेल. अशा वेळी खाली हातगाड्या, मोटारसायकली आणि एखादी निवांत गाय यांच्याकडे लक्ष असावं. मान वर करून चालणारा माणूस गोलाईत नवशिका म्हणून लगेच ओळखू येतो.

युरोपातले बाजारचौक पाहिलेल्यांची इथे निराशा होते, त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगतो. डेन्मार्कमध्ये कोगे नावाचं समुद्रकाठचं जुनं गाव आहे. त्याच्या मोठ्या चौकात आजही बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो, आणि गावात १५२७ सालचं लाकडी चौकटीचं एक घर जपून ठेवलेलं आहे. तिथे जाणाऱ्याने जुनी घरं बघावीत, कॉफी घ्यावी, फोटो काढावा आणि परत यावं अशी सगळी सोय आहे. गोलाईत तसली काही सोय नाही. बसायला बाकडं नाही, माहितीची पाटी शोधावी लागते, आणि ‘मी फक्त बघायला आलोय’ या वाक्याचं काय करायचं हे इथल्या कोणालाच ठाऊक नाही. दुकानदार समजतो की हा भाव पाडायला बघतोय. हमाल समजतो की हा वाटेत उभा आहे. दोघांचंही बरोबर असतं.

यावर उपाय एकच. काहीतरी घ्यायला जा. गोलाई काही घ्यायचं असलं तरच दिसते. चपलेचा अंगठा तुटलेला असेल तर चपलांची सगळी लाइन आपोआप नजरेत भरते. नसेल तर तुम्ही त्याच लाइनीतून जाल आणि घरी येऊन ‘खूप गर्दी होती’ एवढंच सांगाल. या मार्गदर्शिकेतलं बाकी सगळं ज्यांना खरेदी करायची आहे अशांसाठीच आहे.

वाट कशी शोधायची

बसस्थानकाहून गांधी चौक, पुढे हनुमान चौक आणि मग गोलाई. इथपर्यंत शेंबडं पोरही पोचवतं. खरी गंमत नंतर सुरू होते.

चौकोनी बाजारात कोपरा असतो. ‘कोपऱ्यावर थांब’ म्हटलं की माणूस सापडतो. गोलाईला कोपराच नाही. ‘तिसऱ्या गल्लीत ये’ असं सांगायचं तर पहिली कोणती? फैयाजुद्दीनसाहेबांनी सोळाही रस्त्यांना सारखा मान दिला, आणि त्याचा परिणाम असा की एकदा हरवलेला माणूस फेरी मारून पुन्हा त्याच जागी येतो आणि आपण पुढे आलो असं समजतो. नवरा-बायको एकाच वेळी एकमेकांना शोधायला निघाले आणि दोघांनी एकच दिशा धरली, तर ते संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या मागे फिरू शकतात. म्हणून घरून निघतानाच ठरवावं: चुकामूक झाली तर दोघांपैकी एकाने देवीसमोर उभं राहायचं आणि हलायचं नाही. उभं कोणी राहायचं हेही ठरवावं. नाहीतर दोघंही उभे राहायला येतात, दोघांनाही वाटतं की दुसरा अजून आला नाही, आणि दोघंही शोधायला निघतात.

जुनी माणसं नाकाने चालतात. सुक्या मिरचीचा ठसका लागला की मिरचीवाले आले, गुळाचा चिकट गोड वास आला की भेल्या जवळ आहेत, कोऱ्या कापडाची खळ नाकात गेली की कापड लाइन. फोनमधला नकाशा इथे निळा ठिपका दाखवतो आणि तो ठिपका गोल गोल फिरतो. तो बंद ठेवा, बॅटरी नंतर व्हिडिओ कॉलला लागणार आहे. का, ते बस्त्यात कळेल.

एक गोष्ट बाहेरच्यांना चकवते. गंज म्हणजे धान्याचा बाजार, म्हणून लोक गोलाईत सोयाबीनचे ढीग शोधतात. धान्याचा मोठा सौदा आता बाजार समितीच्या आवारात होतो. तूर, सोयाबीन, हरभरा तिकडे उतरतो, हमाली-तोलाई वजा होऊन हिशोबाची पट्टी हातात पडते, आणि पट्टीचे पैसे घेऊन शेतकरी गोलाईत येतो. इथे तो क्षणभर उभा राहतो. आधी खत-बियाणांची उधारी फेडावी की आधी घरची कामं करावीत, हा प्रश्न त्याला त्या सोळा रस्त्यांनी घातलेला असतो. अशा माणसाला वाट विचारू नका. तो स्वतःच वाट शोधत असतो.

कधी जावं, कधी जाऊ नये

मार्गशीर्ष अमावस्येला जाऊ नये. त्या दिवशी वेळ अमावस्या, आमच्याकडे येळवस. लातूर, धाराशिव, आमचा अंबाजोगाईचा पट्टा आणि पलीकडे बीदरपर्यंतची माणसं त्या दिवशी शेतात असतात. कडब्याची कोप घालून आत पांडव मांडतात आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा बेत असतो. शेत नसलेल्या माणसाला शेत असलेला माणूस हाताला धरून नेतो. शहरात मागे उरतात ती कुलपं. खरेदीला आलेला माणूस त्या दिवशी उपाशी परत जातो, कारण हॉटेलवालाही कोणाच्या तरी शेतात जेवत असतो. केवळ इमारत बघायची हौस असणाऱ्यांनी मात्र हाच दिवस गाठावा. वर्षात एवढ्याच दिवशी तिच्यासमोर उभं राहिलं तर मागून हॉर्न वाजत नाही.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात जरूर जावं. श्रावण संपत आलेला असतो आणि दोरखंडाची दुकानं रस्त्यावर उतरलेली असतात. कासरे, म्होरक्या, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा, शिंगांना लावायचा हिंगूळ आणि बेगड. बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला माणूससुद्धा एक रंगीत गोंडा घेतो आणि ट्रॅक्टरच्या आरशाला बांधतो. त्याला कोणी हसत नाही.

नवरात्रात देवीसाठी गर्दी असते, दिवाळीत सगळ्यासाठी. लग्नसराईबद्दल पुढे सविस्तर आहे. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार या वेळेत गोलाईत फक्त दोन प्रकारची माणसं असतात: दुकानात झोपलेली आणि बाहेर चुकलेली. तुम्ही दुसऱ्या प्रकारात मोडत असाल तर कोणत्याही दुकानाच्या पायरीवर बसा. दुकानदार पाण्याचा तांब्या पुढे करील. तो नाकारू नका आणि निम्मा पिऊन निम्मा ओतूनही देऊ नका. एप्रिल २०१६ मध्ये या शहराने मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं आहे. पहिल्या गाडीने ५ लाख लिटर आणलं होतं. ओतलेलं पाणी इथे अजून लोकांच्या लक्षात राहतं.

भाव करणं

गोलाईत शिरताच तुम्हाला नाती मिळतील. ‘काय घ्यायलाव मामा?’ ‘या मावशी, आत या की.’ धोतर-टोपीवाला दिसला की मामा, चष्मा दिसला की काका, खांद्याला लॅपटॉपची पिशवी असेल तर सर. सर म्हटलं की भाव वाढलेला आहे असं समजा आणि पुढच्या वेळी पिशवी घरी ठेवा. तुम्हीही उलट नातं जोडावं. म्हाताऱ्या दुकानदाराला अप्पा म्हणावं, गादीवरच्याला मालक म्हणावं, आमच्याकडची जुनी माणसं अजून सावकार म्हणतात. ‘एक्सक्यूज मी’ म्हणू नये. तसं म्हणणाऱ्याकडे सगळे वळून बघतात, पण उत्तर कोणी देत नाही.

‘एकच भाव’ अशी पाटी असलेल्या दुकानात भाव करायचा नसतो असं नवशिक्याला वाटतं. पाटीचा अर्थ एवढाच की भाव करताना आवाज खाली ठेवावा. किंमत ऐकल्यावर लगेच बोलू नका. वस्तू खाली ठेवा. आजूबाजूला बघा. मग सोबतच्या माणसाला, दुकानदाराला ऐकू जाईल इतपत हळू, ‘त्या पहिल्या दुकानात बरं होतं’ असं म्हणा. पहिलं दुकान नसलं तरी चालतं. यानंतर उठणं आणि चपला घालणं. चपला घालायला जितका वेळ लागेल तितकी सूट मिळते, म्हणून बाजाराला बंदाची चप्पल घालून जावं, सरकवायची नको. दोन-तीन पावलं टाकेपर्यंत हाक आली नाही तर भाव खरा होता असं समजा आणि निमूट परत फिरा. परत फिरण्यात कमीपणा नाही. दुकानदार काही बोलत नाही, फक्त वस्तू आधीच बांधून ठेवलेली असते.

आमच्या आजोबांच्या पिढीला हा हिशोब दोन नाण्यांत करावा लागे. निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात आलं, तरी हाली नाणं पुढे काही वर्षं बाजारात चाललं. साडी हालीत सांगितली की कलदारमध्ये, हे न विचारता ‘घेतली’ म्हणणारा तेव्हाचा नवशिका. आता फोनवर क्यूआर दाखवतात आणि पैसे आले की डबा मोठ्याने रक्कम सांगतो. याने भाव करण्याचं मोठं नुकसान झालं आहे. शेजारच्या बाईला तुम्ही किती दिले हे कळतं आणि ती त्याच्याही खालून सुरू करते.

सराफ लाइनीत यातलं काही चालत नाही. तिथे सोन्याचा भाव भिंतीवर लिहिलेला असतो, भांडण असतं ते मजुरीचं आणि जुना दागिना मोडताना धरलेल्या घटीचं. तोळा म्हणून सराफ आता १० ग्रॅम धरतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या तागडीत घातल्या की साडेपाचाच्या वर भरायला हव्यात आणि भरतात चारच, या रहस्यावर घरात पिढ्यान् पिढ्या चर्चा चालते. पाटल्या झिजल्या, आजी चुकली की मधल्या काकाने काही केलं? नवशिक्याने या चर्चेत भाग घेऊ नये. नवा दागिना घेताना आतल्या बाजूला हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी क्रमांक भिंगाखाली बघून घ्यावा. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. भिंग मागायला लाजू नका. सराफ भिंग देतो, आणि तुम्हाला काही दिसलं नाही तरी मान हलवण्याची मुभा असते.

बस्ता

गोलाई पूर्ण कळायची असेल तर बस्त्यालाच जायला हवं. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेणं. पाच-पंचवीस माणसं दोन जीपगाड्यांतून उतरतात. मुलीकडचे आणि मुलाकडचे वेगवेगळ्या वेळी निघालेले असतात, त्यामुळे आधी येणारे उशिरा येणाऱ्यांवर रागावलेलेच असतात. काही घरं आधी देवीला खण-नारळ ठेवून मग कापड लाइनीत शिरतात. हे केलेलं बरं. पुढचे पाच-सहा तास देवाच्या हातात असतात.

दुकानात गादी अंथरलेली असते. भिंतीला टेकायची जागा व्याह्यांची. तिथे बसू नका. पंख्याखालची जागा नवऱ्या मुलाच्या आत्याची, तिच्याकडे तर बघूही नका. नवशिक्याची जागा दाराजवळ, चपलांच्या शेजारी, जिथून लहान मुलांवर लक्ष ठेवता येतं. नवशिका मुलं धरायलाच आणलेला असतो, हे त्याला तिथे गेल्यावर कळतं.

पहिली साडी कधीच घ्यायची नसते. ती कितीही चांगली असली तरी तिचं काम उरलेल्या साड्यांना उघडायला लावणं एवढंच. दुकानातला पोरगा एका झटक्यात साडी हवेत उडवतो, ती पूर्ण उलगडून गादीवर पडते, आणि आतून आवाज येतो, ‘याच्यातच दुसरा रंग?’ अशा शंभर साड्या पडतात. त्या परत घडी कोण घालतं, हा विचार करणारा माणूस बस्त्याला लायक नसतो. शालू आधी, कारण तो नवरीचा. नवरी मान खाली घालून बसलेली असते, पण शालू कोणता येणार हे तीच ठरवते, तेही न बोलता. नावडता शालू आला की ती आईकडे बघते, आवडता आला की काठाला हात लावते. हात लावला की मोठ्या माणसांनी आणखी दहा शालू बघायचे आणि शेवटी तोच घ्यायचा. मध्येच पुण्याच्या नणंदेला व्हिडिओ कॉल लागतो. फोनमध्ये प्रत्येक साडीचा रंग वेगळा दिसतो, मग रंगावरून दोन शहरांत वाद होतो. इथे तुमची वाचवून ठेवलेली बॅटरी उपयोगी पडते.

शालूनंतर मानाच्या साड्या आणि त्यानंतर देण्याघेण्याच्या. यांतला फरक नवशिक्याच्या डोळ्यांना दिसत नाही, दरात दिसतो. मानाच्या साड्यांची यादी घरी केलेली असते आणि दुकानात ती वाढते. ‘धाकट्या मावशीला धरलं का?’ असं कोणी विचारलं की सगळे गप्प होतात. धरलेलं नसतं. मग टोपी-टॉवेल, चोळीचे खण, नवरदेवाचे कपडे, करवलीचे. नवरदेवाच्या कपड्यांना वीस मिनिटं लागतात आणि त्यातली पंधरा मिनिटं त्याचे मित्र खातात.

मध्येच चहा येतो, पुन्हा येतो. चहाची संख्या वाढली की गिऱ्हाईक पक्कं झालं असं दुकानाने ठरवलंय, हे ओळखावं. तुमचं मत विचारलं तर ‘छान आहे’ म्हणा, पण सगळ्यांत आधी म्हणू नका. पहिलं ‘छान आहे’ ज्याच्या तोंडून जातं त्याच्या नावावर ती साडी पुढे आयुष्यभर राहते. कोणी नेसली नाही की ‘ती तुम्ही पसंत केलेली ना’ असं ऐकावं लागतं.

शेवटी बिल. मुलीचा बाप चष्मा पुसतो. दुकानाचा मालक, जो इतका वेळ कोपऱ्यात बसून फक्त मान हलवत होता, तो आता बोलतो. आकडा सांगतो, सूट सांगतो, सुटीवर सूट सांगतो. मग मुलाचा मामा, ज्याचा या खर्चाशी काडीचा संबंध नाही, उभा राहून म्हणतो, ‘मालक, घरचं लग्न समजा.’ यावर एक साडी वरची मिळते. ती कोणाला द्यायची यावरून परतीच्या जीपमध्ये अबोला होतो, पण बस्ता झालेला असतो. सगळ्या कापडाचा गठ्ठा बांधतात, त्याला कुंकू लावतात आणि दोन माणसं तो डोक्यावर घेऊन गर्दीतून चालू लागतात. ‘बाजूला व्हा, बस्ता आला’ म्हटलं की हॉर्नला न सरकणारी मोटारसायकलही सरकते. गोलाईत रस्ता मोकळा करून घ्यायची एवढीच खात्रीची रीत आहे.

खाणं

बस्त्याच्या दिवशी जेवण मुलीकडचे देतात, ते विचारू नका. एकटे असाल तर हातगाडीवरचा निलंगा राइस खा. तिखट असतो, झेपत नसेल तर तोंडी ताक ठेवा. सकाळी लवकर पोचलात तर सुशीला मिळेल. सुशीला हे कोणा बाईचं नाव नाही, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली फोडणी आहे, आणि मराठवाड्याबाहेरच्या माणसाने ती हसत हसत मागितली की गाडीवाला गंभीर चेहऱ्याने वाढतो. घरी नेण्यासाठी जिल्ह्याची चांगली शिदोरी आहे: बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कास्तीच्या कोथिंबिरीलाही मिळालं आहे, पण घाटनांदूरपर्यंत जीपमध्ये ती कोणाच्या तरी मांडीखाली जाते, म्हणून घेऊ नये.

परत येताना

शेवटची गाडी कधी आहे हे उतरतानाच विचारून ठेवा. संध्याकाळी विचारलंत तर तीन माणसं तीन वेळा सांगतील आणि चौथा सांगेल की गाडी मघाशीच गेली. पिशव्या मांडीवर घ्या. जीपमध्ये शेजारचा माणूस ‘काय काय घेतलं, केवढ्याला पडलं’ असं विचारणारच. खरी किंमत सांगू नका, थोडी कमी सांगा. तोही कमीच सांगणार आहे, आणि रेणापूर येईपर्यंत दोघांचाही दिवस चांगला गेलेला असेल.

महानगरपालिकेच्या लोकांपर्यंत हे पोचलं तर एक विनंती आहे. निदान मधल्या इमारतीवरचे फलक काढा आणि १९१७ हे साल लांबून दिसेल अशा अक्षरांत लावा. वाढदिवस दरवर्षी येतात, इमारत एकच आहे. आणि वाचकांना एवढंच सांगणं: घरात लग्न नसेल तर अर्धा किलो मिरची घ्यायची आहे असं ठरवून जा. नुसतं बघायला आलेल्या माणसाला गोलाईत कोणी ‘बसा’ म्हणत नाही.